कंपन्यांची पर्यावरणाची जबाबदारी मालात खरंच उतरते, की नुसती अहवालात राहते?

दोन्ही पाहायला मिळतं. मी उत्पादन विकासात काम करतो, त्यामुळे माझं मत थोडं आतलं आहे. माल हिरवा होणार की नाही हे बहुतेक वेळा ड्रॉइंगवर आणि पर्चेसच्या टेबलावर ठरतं. झाडं लावणाऱ्या विभागाच्या हातात त्यातलं फारसं काही नसतं.

आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र लावलेलं दिसलं की लोक खूश होतात. १९९६ मध्ये आलेलं हे मानक कंपनीचं पर्यावरण व्यवस्थापन कसं चालतं ते तपासतं. तिचा माल पर्यावरणाला चांगला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मालात बदल करणं किती किचकट असतं, याचं उदाहरण म्हणजे सोल्डर, म्हणजे सर्किटचे भाग जोडायला वितळवून वापरतात तो मिश्रधातू. युरोपीय संघाचा रोह्स (घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा) नियम २००६ मध्ये लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आली (काही सवलती सोडून). जुनं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं. म्हणजे ओव्हन जास्त तापवा, वीज जास्त जाळा, वर ती उष्णता न सोसणारे प्लास्टिकचे कनेक्टरही बदला. तरी नियम योग्यच होता, कारण शिसं भंगारातून माती-पाण्यात जातं. पण 'एक पदार्थ काढला की झालं' इतकं हे सोपं नाही.

म्हणून आधी वस्तूच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडावा लागतो. गरम पाण्यात कपडे धुणाऱ्या वॉशिंग मशीनचा मोठा भार वापरात असतो, तर मोबाइलचा बहुतांश बनवण्यातच. मशीनमध्ये पाणी आणि तापमान कमी करा. मोबाइल मात्र जास्त वर्षं टिकवा. उलटं केलंत तर मेहनत वाया. (मोबाइलच्या खोक्यावरचं हिरवं पान मी मोजत नाही.)

खर्चाचं रडगाणंही नेहमीचंच. ३एम या अमेरिकन कंपनीने १९७५ मध्येच प्रदूषण मुळातच टाळण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नावच 'पोल्युशन प्रिव्हेन्शन पेज' (Pays), म्हणजे प्रदूषण टाळणं फायद्याचं ठरतं. स्क्रॅप कमी झालं की कच्चा माल वाचतो, हे कुठल्याही सुपरवायझरला कळतं. अडतं ते टूलिंग, म्हणजे उत्पादनाचे साचे-हत्यारं, बदलायला पैसे मागताना.

एखादी कंपनी पारखायची असेल तर दोन गोष्टी विचारा: स्पेअर पार्ट किती वर्षं मिळणार, आणि पर्यावरणाच्या कारणावरून डिझाइन परत पाठवायचा अधिकार नेमका कुणाला आहे.