हाताने बनवलेल्या लाकडी फर्निचरला लोक पैसे द्यायला का कचरतात?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून देवरुखजवळ शेड टाकली, लोक फोटो बघून 'मस्त' म्हणतात आणि भाव सांगितला की फोन उचलायचे बंद होतात. लोकांना कलेची कदरच नाही का, असा तुमचा प्रश्न. मी कुडाळच्या बाजूला हेच काम करतो, वडीलही हेच करायचे. कदरीचा विषय जरा बाजूला ठेवू या. गिऱ्हाईक कंजूस असतं म्हणून मागे फिरतं असं मला वाटत नाही. तुमच्या आकड्यात काय काय धरलंय ते त्याला दिसत नाही आणि वस्तू ठरल्या दिवशी घरात येईल याची त्याला खात्री नसते, म्हणून ते फिरतं.

आपल्याकडे सुताराचं काम पूर्वी कसं चालायचं ते आठवा. बलुत्याचा काळ सोडा, तो मीही बघितलेला नाही. पण वडिलांच्या वेळी लाकूड मालकाचं असायचं, सुतार हत्यारं घेऊन त्याच्या घरी जायचा आणि खळ्यात नाहीतर मांगरात, म्हणजे शेतघरात, बसून रोजावर काम करायचा. जेवण, चहा घरचा. घरातली म्हातारी माणसं समोर पान लावत बसलेली. एक फळी रंधून सरळ करायला अख्खी सकाळ जाते हे त्या घरातल्या पोरांनासुद्धा ठाऊक असायचं. आता तेच काम तुमच्या शेडमध्ये बंद दाराआड होतं आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर नुसता आकडा जातो. त्या आकड्याशेजारी ठेवायला त्याच्याकडे काय असतं? शहरातल्या शोरूमची किंमत, नाहीतर मोबाइलवरची जाहिरात. ते भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड आहे हे किमतीवरून कळत नाही.

शिवाय कोकणातला खास मुद्दा म्हणजे घरचं झाड. "फणस आमचोच आसा, तुका फक्त रंधो मारूचो आसा." हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, देवरुखच्या बोलीत. अशा वेळी वाद घालू नका, कागद घ्या. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, म्हणजे स्वतःच्या परड्यातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. मग तोडणारा, ओंडके रस्त्यापर्यंत आणणारे, वाहतूक, सॉ मिलचा खर्च. ओंडका कापला की सालीलगतचा पांढरा भाग टाकायचा, कारण भुंगा आधी तिथेच लागतो. उरलेल्या फळ्या, हवा खेळावी म्हणून मध्ये चिपा म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या घालून, सावलीत रचायच्या. उघड्या हवेत इंचभर जाडीला साधारण वर्षभर, हा जुना हिशोब आजही बरोबर आहे. आपल्या दमट हवेत कमी धरू नका. एवढं सगळं समजावल्यावर निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, राहू दे, तुझ्याकडचंच वाळलेलं लाकूड लाव.

आता झोपाळ्याचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे पलंगाच्या आधी झोपाळाच विचारतात. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे सव्वा घनफूट. पाठ आणि कठडे धरून अडीच. गाठी, भेगा, रंध्याखाली जाणारं लाकूड धरलं की सव्वातीन घनफूट घ्यावं लागतं. समजा फणस दीड हजार रुपये घनफुटाने पडला, तर लाकूड झालं पाच हजारांच्या आत. सुताराचे दहा रोज हजाराने, मदतनिसाचे पाच रोज सहाशेने, म्हणजे तेरा हजार. गोंद, पॉलिश, स्क्रू अडीच हजार. शेड, वीज, झिजलेली पाती आणि तुमचा नफा मिळून चार हजार. झाले साडेचोवीस हजार, तेही कड्या सोडून. यात लाकूड पाचवा हिस्सासुद्धा भरतो की नाही अशी स्थिती. आणि गिऱ्हाईक बघतं फक्त लाकडाकडे! "एका फणसाच्या फळीचे चोवीस हजार?" त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

गंमत म्हणजे याच झोपाळ्याच्या पितळी कड्यांवर सहसा कोणी घासाघीस करत नाही. कड्या काट्यावर जातात, किलोचा भाव विचारला जातो, गुणाकार होतो आणि पैसे निघतात. सोनाराकडेही घडणावळ बिलावर वेगळी लिहिलेली असते, ती आपण कुरकुरत का होईना देतो. आपल्या धंद्यात घडणावळ लाकडाच्या भावात कोंबायची सवय पडली आहे. ती सोडा. कोटेशनमध्ये लाकूड किती घनफूट व काय दराने, काम किती रोज, पॉलिश कुठलं, पोचवणूक किती, असं एकेका ओळीत लिहा. काही लोक तरीही जातील. पण जे राहतात ते निदान कशावर घासाघीस करायची ते बघून करतात.

आणि घासाघीस झाली तर दर उतरवू नका, काम उतरवा. पाठीवरचं कोरीवकाम काढा, सागाऐवजी फणस किंवा आकेशिया सुचवा, लांबी सहा इंच कमी करा. हजार-दोन हजार नुसते सोडले की गिऱ्हाइकाला वाटतं पहिला आकडा फुगवलेलाच होता, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते तसंच सांगतं. गावात ही बातमी तुमच्या टेम्पोच्या आधी पोचते.

आता भरवशाचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण सुतार ॲडव्हान्स घेऊन गायब होतो, तारीख पुढे ढकलतो, ओलं लाकूड वापरतो, असा अनुभव बऱ्याच घरांत आहे. दुकानात माणूस सोफ्यावर बसून बघतो. तुमच्याकडे तो नुसत्या शब्दावर निम्मे पैसे देतो. म्हणून शेडमध्ये एक खुर्ची आणि एक ड्रॉवरचं टेबल कायम तयार ठेवा, विकू नका. लोकांना बसू द्या, ड्रॉवर ओढू द्या, टेबल उलटं करून खालचा सांधा बघू द्या. फोटोवर शंभर 'मस्त' मिळवण्यापेक्षा हे कामाला येतं. पैसेही टप्प्याने घ्या: थोडे ऑर्डरला, थोडे सांगाडा उभा राहिल्यावर तो दाखवून, बाकीचे पोचवल्यावर.

तारखेचा सगळ्यात मोठा घोळ चवथीला, म्हणजे गणपतीला होतो. चाकरमानी मे महिन्यात येऊन बघून जातात, जुलैत मुंबईहून फोन करतात: "झोपाळो चवथीआधी व्हयो." जुलै म्हणजे आपल्याकडे पावसाचा कहर. उघडं लाकूड ओल ओढून फुगतं, लाखेचं पॉलिश मारलं तर दमट हवेने पांढुरकं पडतं, वाळता वाळत नाही. तेव्हा घाईत केलेलं दार नाहीतर ड्रॉवर हिवाळ्यात ढिला पडतो आणि नाव सुताराचं जातं. मी जूननंतर चवथीसाठी पाट आणि चौरंग यापलीकडे नवीन काम धरत नाही, सरळ सांगतो की दिवाळीनंतर मिळेल. ज्याला खरंच हवं असतं तो थांबतो. पुण्यात जाणाऱ्या वस्तूचं आणखी वेगळं: तिथली हवा कोरडी, इथे घट्ट बसलेली फळी तिकडे आकसते. रुंद फळी चारी बाजूंनी स्क्रूने जखडलीत तर ती फुटणार. तिला हलायला जागा ठेवा, आणि का ठेवली तेही कोटेशनमध्ये एका ओळीत लिहा. लोकांना अशी ओळ वाचून तुम्हाला काम येतं हे कळतं.

गिऱ्हाईक कुठलं शोधायचं म्हणाल, तर ज्याच्या घरात पार्टिकल बोर्डाचं कपाट एक-दोन पावसाळ्यांत खालून फुगून गेलं आहे ते. त्याला काही पटवावं लागत नाही. मालवण-तारकर्लीकडचे होमस्टेवालेही चांगले, कारण खाऱ्या हवेत लोखंडी पलंग गंजतात आणि चादरींना डाग पडतात. त्यांच्या कामाला बिजागऱ्या, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या. ऐनासारख्या लाकडात लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग उतरतो.

भांडवल अडत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळतं, आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. कर्ज मिळालं तर मशीनच्या मागे लागण्याआधी वाळलेलं लाकूड भरून ठेवा. हातात वाळलेला साठा असला की तारीख पाळता येते.

तुमच्या भागात मार्लेश्वरच्या देवळाच्या वाटेवर खाणावळी, राहायच्या जागा असतील, तिथून सुरुवात करून बघा. पलंगाचं कोटेशन घेऊन जाऊ नका. एक बाक घेऊन जा, पंधरा दिवस ओटीवर ठेवायला द्या आणि किमतीची चिठ्ठी खाली चिकटवा.