गुडघा बदलायचा की पाऊल वळवायचं?

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझी मेल वाचली. एमएस संपत आलंय, बरोबरीची मुलं जॉइंट रिप्लेसमेंटच्या फेलोशिपमागे आहेत आणि तुला लहान मुलांचं ऑर्थोपेडिक्स करायचंय. पैशांचं आधी सांगून टाकते: रिप्लेसमेंटवाल्यांइतके मिळणार नाहीत. 'ऑर्थोला ताकद लागते, बाईचं काम नाही' असं ऐकवणाऱ्यांना तान्ह्या बाळाचं पाऊल धरायला दे एकदा.

मी शिकत होते तेव्हा या शाखेत पोलिओचंच राज्य होतं. कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आखडलेले गुडघे, टेंडन ट्रान्सफर म्हणजे चांगल्या स्नायूची दोरी लुळ्या स्नायूच्या जागी जोडणं. भारतातला वाइल्ड, म्हणजे नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आता तुमचं दुकान बंद, असं मित्र चिडवायचे. झालं भलतंच. अपुऱ्या दिवसांची बाळं एनआयसीयूमुळे, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागामुळे जगू लागली, त्यातल्या काहींना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष असतो आणि त्यांचे खुबे निसटत नाहीत ना, हे वर्षानुवर्षं एक्स-रेवर पाहत राहावं लागतं.

पण तुझा हात खरा तयार होईल तो क्लबफूटवर, म्हणजे जन्मतःच आत वळलेल्या पावलावर. अमेरिकेत आयोवाच्या डॉ. पॉन्सेटींनी प्लास्टरची पद्धत बसवून दिली, तरी जग कितीतरी वर्षं मोठी ऑपरेशनंच करत राहिलं. आज साधारण पाच-सहा प्लास्टरं, आठवड्याला एक, आणि बहुतेकांना शेवटी टाचेमागची धोंडशीर (टेंडन) बारीक छेद देऊन मोकळी करायची. पहिल्याच प्लास्टरला पाऊल बाहेर वळवायची घाई करू नकोस. आधी अंगठ्याकडची बाजू उचल, खोल गेलेली कमान सपाट होऊ दे. मग आपला अंगठा टॅलसच्या, म्हणजे घोट्यातल्या हाडाच्या डोक्यावर टेकवून पाऊल हळूहळू बाहेर ने. टाच धरायची नाही, ती आपोआप येते. बाळाला आईच्या कुशीत दूध पिऊ दे. रडणाऱ्या बाळाच्या पायावर चांगलं प्लास्टर बसत नाही. बोटं मात्र उघडी ठेव आणि घरी पाठवण्याआधी त्यांचा रंग बघ.

त्यानंतरचं काम कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. बूट-पट्टी, म्हणजे आडव्या पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसायला लागलं की घरचे पट्टी माळ्यावर टाकतात, आणि पाऊल पुन्हा वळतं त्याचं हेच मोठं कारण. म्हणून आजीला ओपीडीत आत बोलव. आणखी एक, सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे तिथे हमखास निघतं. तेव्हा सासूसमोरच, स्पष्ट शब्दांत सांग की यात आईचा काही दोष नाही. मी हे पहिल्या भेटीतच, प्लास्टर भिजवायच्या आधी सांगते.

फ्रॅक्चरचंही थोडं. मनगटाजवळचं वाकडं हाड वाढीबरोबर बरंच सरळ होतं, कारण रेडियसची, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची पाऊण वाढ तिथूनच होते. कोपराजवळ ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या वाढीचा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणून तिथे हात आत कललेला जुळला की तसाच राहतो. झाडावरून पडलेलं पोर आलं की एक्स-रेच्या आधी नाडी बघ. हाडवैद्याने करकचून बांधून पाठवलं असेल, तर ते बांधलेलं त्या क्षणी सोड, पालकांशी वाद नंतर.

फेलोशिप निवडताना ऑपरेशनांचा आकडा विचारू नकोस. तिथली मुलं पाच वर्षांनी तपासायला येतात का, ते विचार. आमच्या प्लास्टर रूममध्ये एक दिवस येऊन बस. जुना ॲप्रन घालून ये, पीओपीचे डाग जात नाहीत.

तुझी,
मॅडम