फोन कर, गाडी काढ आणि स्वतः घेऊन ये

"ताई, शुक्रवारी रात्री आमच्याकडे सात डॉलरवरून भांडण झालं आणि रविवारपर्यंत पुरलं," असं एका वाचक मैत्रिणीने सिएटलहून लिहिलं आहे. पत्र मोठं आहे आणि त्यात चार प्रश्न आहेत. नवरा अ‍ॅपवरून मागवलेलं जेवण घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याची टिप कापतो, सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई प्रत्येक बिलाचे रुपये करतात, कॉलेजातला मुलगा आईच्या कार्डावर रात्री-बेरात्री जेवण मागवतो, आणि पोळ्या करून देणाऱ्या मराठी काकूंना टिप द्यायची का? मी वयाने मोठी आहे म्हणून तिला 'तू' म्हणते.

तू बिल उतरवून पाठवलंस ते बरं केलंस. नाहीतर लोक नुसतं "फार महाग झालंय हो" म्हणतात आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मागवतात. तू लिहितेस, "पनीर, डाळ, एक बिर्याणी आणि नान. रेस्टॉरंटच्या स्वतःच्या मेन्यूवर हे ४१ डॉलरचं आहे. अ‍ॅपवर तेच ४६. त्यावर सर्व्हिस फी ६.९०, डिलिव्हरी फी २.९९, शहराच्या नियमामुळे म्हणून आणखी ४.९९, वर टॅक्स. मी सात डॉलर टिप टाकली तर हे म्हणाले, वेडी आहेस का, तीन पुरे."

ह्यात नवऱ्याचं बोट कुठे गेलं बघ. टॅक्स आणि तुझी टिप धरून बिल ७२ च्या वर गेलं होतं. तू फोन करून ऑर्डर दिली असतीस आणि त्याने जाऊन आणली असती, तर टॅक्स धरून ४५ मध्ये काम झालं असतं. फरक २७ डॉलरचा. त्यातले सात माणसाला मिळाले, वीस वाटेत गेले. त्या विसांबद्दल तुमच्या घरात अवाक्षर नाही. भांडण झालं ते जो माणूस पावसात जिने चढून आला त्याच्या चार डॉलरवरून! राग येऊ देऊ नकोस, पण हा हिशेब इंजिनिअर नवऱ्याला जमू नये?

आता त्याच्या बाजूचंही सांगते, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाही. "इथे त्यांना कायद्याने पैसे मिळतात, मग टिप कशाला" असं तो म्हणतो. सिएटलमध्ये जानेवारी २०२४ पासून तसा नियम आहे खरा. ऑर्डरमागे घातलेली मिनिटं आणि कापलेले मैल मोजून कंपनीने किमान मोबदला द्यायचा. नियम आला आणि कंपन्यांनी लगेच गिऱ्हाइकाच्या बिलावर जवळजवळ पाच डॉलरची फी चढवली. तीच ती तुझी ४.९९. शिवाय टिपेची खिडकी ऑर्डर देतानाची काढून जेवण पोचल्यानंतरची केली. न्यूयॉर्क शहरातही डिसेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरीवाल्यांना किमान दर लागू झाल्यावर हाच प्रकार झाला. फी वाढली की लोक कमी मागवतात, आणि नंतर विचारलेली टिप तोंडात घास असताना कोणाच्या लक्षात राहते? शिवाय तुमच्याकडे मोजतात ती फक्त ऑर्डर हातात असतानाची मिनिटं. दोन ऑर्डरींच्या मध्ये गाडीत बसून काढलेला अर्धा तास त्याचा त्याचा. पेट्रोल, टायर, इन्शुरन्सही त्याचेच.

माझा भाचा न्यू जर्सीत कॉलेजच्या सुट्ट्यांत हे काम करायचा, त्यामुळे पलीकडची बाजू मला जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळाली. ऑर्डर आली की त्यांच्या स्क्रीनवर किती मैल आणि किती डॉलर ते दिसतं. घ्यायची की सोडायची ते काही सेकंदांत ठरवायचं. जिथे असे कायदे नाहीत तिथे डोअरडॅश ह्या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅप-कंपनीचा मूळ मोबदला दोन डॉलरपासून सुरू होतो, बाकी सगळा भार टिपेवर. बिनटिपेची ऑर्डर एक सोडतो, दुसरा सोडतो, आणि तोवर नान काउंटरवर वातड होतात. २०२३ मध्ये तर त्या कंपनीने ऑर्डर देतानाच गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली होती की टिप नसेल तर जेवणाला वेळ लागू शकतो. म्हणजे आपण ज्याला बक्षिसी समजतो तो त्यांचा पगार आहे, आणि तो पगार देण्याचं काम कंपनीने आपल्यावर ढकललंय.

टिप तरी नीट पोचते का, असंही तू विचारलंस. आता पोचते. २०१७ ते २०१९ ह्या काळात डोअरडॅशवर गिऱ्हाइकाने टाकलेली टिप कंपनीने कबूल केलेल्या किमान रकमेत वळती व्हायची, म्हणजे आपण जास्त दिले की कंपनी कमी द्यायची. ओरड झाली, पद्धत बदलली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलबरोबर, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलांबरोबर, १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तरीही मन साशंक असेल तर पाचाची नोट हातात दे. आमचे हे गाडीच्या कप्प्यात सुट्या नोटा ठेवतातच.

पण मला मुळात बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. माझे जुने वाचक ओळखतात मी कुठे येणार आहे ते. अगं, जाऊन का आणत नाही?

तू लिहितेस, "रेस्टॉरंट घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण शुक्रवारी कोणाच्या अंगात त्राण नसतं." दहा मिनिटं! नाशिकला आमच्या घरी रविवारची मिसळ बाहेरून यायची, तेव्हा रस्सा आणायला आम्हा मुलांना किटली घेऊन पिटाळायचे. चालत. येताना किटली हिंदकळली तर ओरडा, आणि दुकानदार "आज मामा नाही आले?" असं विचारायचा, त्याचं उत्तरही आम्हीच द्यायचं. डिलिव्हरी हा शब्द त्या घरात फक्त बाळंतपणासाठी होता. नव्वदच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून काही आणायचं तर हे आणि मुलगी जायचे, मी घरी भात लावायचे. त्या मुलीने शाळेतल्या कितीतरी गोष्टी बापाला त्या गाडीत सांगितल्या. मला त्यातलं निम्मं आजही ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

आणि रेस्टॉरंटचा विचार कर. अ‍ॅपवरून ऑर्डर गेली की त्यांच्या वाट्याचेही पैसे कापले जातात. डोअरडॅशचे दर १५, २५ आणि ३० टक्के असे टप्प्यांचे आहेत. कमी दराच्या टप्प्यात राहिलं तर अ‍ॅपवर दुकान ठळक दिसत नाही. म्हणून तर तुझं ४१ चं जेवण तिथे ४६ ला लावलेलं असतं, तो माणूस तरी काय करणार. फोन केलास तर तुझे वाचतात, त्याचे पूर्ण मिळतात. वर आठवड्या-आठवड्याला दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ओळखायला लागतो. आमचा इडलीवाला ह्यांना बघितलं की न मागता सांबाराचा जादा डबा पिशवीत टाकतो. अ‍ॅपला सांबार कमी पडलंय हे सांगायचं तर चॅटमध्ये वीस मिनिटं जातात आणि शेवटी दोन डॉलरचं क्रेडिट मिळतं.

फोन मुलाला करू दे. इथे वाढलेली आपली मुलं कॉलेजसाठी उत्तम निबंध लिहितात आणि "हॅलो, मला एक ऑर्डर द्यायची आहे" म्हणताना घामाघूम होतात. माझी मुलगी सहावीत असताना मी तिच्या हातात फोन दिला, ती रडवेली झाली, पण मसाला डोसा चटणीसकट घरी आला.

"पण अ‍ॅपची मेंबरशिप घेतली तर डिलिव्हरी फी लागत नाही ना?" असं तू पुढे विचारलंस. महिना ९.९९ भरलेस की ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरींवर डिलिव्हरी फी माफ होते, सर्व्हिस फी कमी होते पण उरते, आणि अ‍ॅपवरची चढी किंमत तशीच राहते. मग आपला मराठी स्वभाव जागा होतो. दहा डॉलर भरलेत तर वसूल झाले पाहिजेत! माझी मुलगी शिकागोत असते. तिने मेंबरशिप घेतली त्या महिन्यात घरात कोथिंबीरसुद्धा दारात यायला लागली. आठवड्यातून दोनदा वीस डॉलर असे वाटेत सांडलेस तर वर्षाचे दोन हजार होतात. कधी उन्हाळ्यात भारताचं एक तिकीट तेवढ्याला पडतं.

मागवूच नका असं मी म्हणत नाही. घरात तान्हं बाळ आहे, दोघं तापाने पडलेत, ऑपरेशन होऊन आलीस, खुशाल मागव आणि पूर्ण टिप दे. टिपेला बिलाचे टक्के धरू नकोस. त्याला पनीर काय, बिर्याणी काय, पिशवी एकच. अंतर, जिने आणि हवा बघ. माझ्या घरात पाचच्या खाली कोणी जात नाही, पावसाबर्फात सात-आठ. तुमच्याकडे टिप नंतर विचारतात, तेव्हा पिशवी उघडायच्या आधी ते काम उरकून टाक. एवढं परवडत नसेल तर त्या दिवशी खिचडी. मुगाची डाळ घरात नाही असं मराठी घर मला दाखव.

स्वतः आणायला गेलीस आणि काउंटरवरचा टॅब्लेट गर्रकन तुझ्याकडे वळवून १८, २०, २५ टक्के विचारले तर? तिथे शून्य दाबायला लाजू नकोस. मोठी पार्टीची ऑर्डर त्यांनी नीट बांधून गाडीपर्यंत आणून दिली तर दे थोडं. बसून जेवलात तर गोष्ट वेगळी. माझी जाऊ ह्यूस्टनला असते. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. तिथे टिप कापणं म्हणजे जेवून पैसे न देता उठण्यासारखंच. वॉशिंग्टन राज्यात वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, टिप त्यावर वेगळी. त्यामुळे तुमच्याकडे बिल आलं की आधी त्यात सर्व्हिस चार्ज लावलाय का बघ. लावला असेल तर त्यातला किती टक्के कर्मचाऱ्यांना जातो हे मेन्यूवर आणि बिलावर छापणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. बारीक अक्षरात असतं, चष्मा लाव. पूर्ण रक्कम त्यांना जात असेल तर वर पुन्हा वीस टक्के देण्याचं कारण नाही. हे नवऱ्याला सांग, त्याला कुठेतरी जिंकल्यासारखं वाटू दे.

सासूबाईंचं फार मनावर घेऊ नकोस. "सात डॉलर म्हणजे सहाशे रुपये, आमच्या पुण्यात असलं काही नसतं" असं त्या म्हणतात ना? पुण्यात झोमॅटो आणि स्विगी दोघांनी २०२३ मध्ये ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म फी सुरू केली, ती आज दहाच्या पुढे गेली आहे. त्यांच्या फोनवरचंच बिल उघडून दाखव. आमच्या सासूबाई तर पार्किंग मीटरचेही रुपये करायच्या. दोन महिन्यांत थांबल्या.

मुलाचं सोपं आहे, त्याच्या अ‍ॅपमधून तुझं कार्ड काढ. महिन्याची रक्कम ठरवून त्याच्या खात्यात टाक, त्यात त्याने रात्री दोनला बर्गर खावा नाहीतर उपास करावा. एवढ्यासाठी पत्रात अख्खं पान खर्च केलंस!

आणि पोळ्यावाल्या काकूंना टिप अजिबात नको, अपमान वाटेल. त्यांनी दर वाढवला तर कुरकुर न करता दे, दिवाळीला महिन्याचे जास्तीचे पैसे पाकिटात घालून फराळासोबत हातात ठेव, आणि गावाला जाणार असशील तर चार दिवस आधी कळव. त्यांचा नंबर मात्र मला पाठव. माझी एक भाची नुकतीच तिकडे बदलून गेली आहे आणि फ्रोझन पराठ्यांवर दिवस काढते आहे.