श्वासातली सूज मोजायची कधी?

प्रश्न : माझ्या १० वर्षांच्या मुलीला दम्याचा मोठा अ‍ॅटॅक आला होता. बरी झाल्यावर तपासणीला नेलं, तर डॉक्टरांनी तिला एका यंत्रात फुंकायला लावलं आणि ‘आकडा ४८ आलाय, आत सूज आहे,’ म्हणाले. हीच तपासणी अ‍ॅटॅकच्या वेळी का केली नाही? आता तिला काहीच त्रास नाही, तर रोजचा पंप बंद केला तर चालेल का?

उत्तर : ताई, पंप बंद करू नका. हे आधी सांगते, कारण छातीची घरघर थांबली की पंप कपाटात जातो आणि पुढचा अ‍ॅटॅक बहुधा तिथूनच सुरू होतो.

श्वासनलिकांच्या अस्तराला अ‍ॅलर्जीची सूज आली की तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त तयार करतात. दम्याच्या रुग्णांच्या उच्छ्वासात तो वाढलेला असतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं. हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग आहेत, तो हा आकडा. मुलांमध्ये २० च्या आत कमी, ३५ च्या वर जास्त. मोठ्यांमध्ये याच मर्यादा २५ आणि ५०. म्हणजे ४८ हा तिच्या वयाला जास्तच आहे, मग ती कितीही धावत-खेळत असली तरी.

अ‍ॅटॅकमध्ये मात्र ही तपासणी कामाची नाही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सहा ते दहा सेकंद एकाच संथ वेगाने सोडायचा. पडद्यावरचा फुगा दोन रेघांमध्ये तरंगत ठेवायचा. जिला एक वाक्य सलग बोलता येत नाही, गळ्याखालची खळगी आत ओढली जातेय, तिला हे कसं जमणार? शिवाय नलिका आकसलेल्या असताना आकडा फसवा, कमीही येऊ शकतो. त्या वेळी ऑक्सिजन किती आहे आणि नेब्युलायझरनंतर श्वास मोकळा होतोय का, हेच बघायचं असतं. डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

आकडा जास्त आला म्हणून मी लगेच डोस वाढवत नाही. आधी म्हणते, ‘पंप घेऊन दाखव बघू.’ पुष्कळ मुलं पंप दाबतात आणि श्वास नंतर ओढतात. औषध जिभेवरच राहतं. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी नळी, लावून नीट घेतलं की काही आठवड्यांत तोच आकडा उतरलेला दिसतो. अ‍ॅलर्जीच्या सर्दीनेही तो वाढतो, तेव्हा नाक चोंदत असेल तर तेही सांगा. तपासणीआधी बीट, पालेभाज्या टाळा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची श्वासाची दुसरी तपासणी, करायची असेल तर ती हिच्यानंतरच करून घ्या.

पुढच्या वेळी पंप आणि स्पेसर सोबत न्या. मधल्या काळात तातडीच्या पंपाने आराम पडला नाही, तर आकड्याची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.