ई-सिगारेट लॅपटॉपच्या यूएसबीवर किंवा पॉवर बँकेवर थेट चालवता येते का?

तुमचं म्हणणं असं की पेनची, म्हणजे पेनासारख्या ई-सिगारेटची, बॅटरी दुपारीच मान टाकते, तर ते लॅपटॉपला नाहीतर पॉवर बँकेला लावूनच ओढलं तर चालेल का, आणि पॉवर बँक 2 अँपिअरची आहे, त्याने बॅटरी उडेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपंय, नाही उडणार. वर 2 अँपिअर लिहिलंय म्हणजे ती तेवढा करंट देऊ शकते, किती घ्यायचा ते पेनमधलं चार्जिंग सर्किट ठरवतं.

थेट चालवायचा उद्योग मात्र मी स्वतः करून बसलोय. जुनं पेन होतं, आतली बॅटरी मेलेली, म्हटलं ती काढून टाकू आणि यूएसबी केबलच्या लाल-काळ्या वायरी सरळ पेनात सोल्डर करू. लॅपटॉपला लावलं, बटण दाबलं, वाफ काही आली नाही, स्क्रीनवर मेसेज आला की यूएसबीवर लोड जास्त झालाय आणि शेजारचा माउसपण गेला. रीस्टार्ट केल्यावर परत आला, नशीब पोर्ट वाचला. मग कागदावर हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. कॉइल, म्हणजे आतल्या कापसाला तापवून वाफ काढणारी तार, 2 ओहमची, यूएसबी 5 व्होल्टचं, म्हणजे ती मागणार अडीच अँपिअर, आणि यूएसबी 2.0 चा पोर्ट द्यायला बांधील किती, तर 0.5, यूएसबी 3.0 चा 0.9. बरं समजा एखाद्या दणकट चार्जरने दिला अडीच अँपिअर, तरी ते साडेबारा वॉट होतात आणि ती कॉइल बॅटरीच्या 3.7 व्होल्टवर, सातेक वॉटवर चालायला बनवलेली, मग तोंडात येते ती जळक्या कापसाची चव.

म्हणून मध्ये बॅटरी लागतेच. झुरका तीन-चार सेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात भसकन लागणारा करंट बॅटरी देते आणि यूएसबी मागून तिला हळूहळू भरत राहतं. ज्या पेनवर 'पासथ्रू' लिहिलेलं असतं ती अशीच चालतात, ती खुशाल लावून ओढा, बाकीची चार्जिंगला असताना ओढू नका. बऱ्याच स्वस्त पेनांत जास्तीचे व्होल्ट नुसते उष्णता करून घालवणारी चार्जिंग चिप असते, त्यामुळे नुसतं चार्जिंगला लावलं तरी पेन कोमट लागतं, त्यात वरून कॉइल पेटवली की आतल्या सेलला दोन्हीकडून ताप.

पॉवर बँकेने चार्ज करणं मात्र झकास. फक्त वरच्या 10000 एमएएचवर जाऊ नका, तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, 5 व्होल्टला तो 7400 होतो आणि त्यातूनही थोडं वाया जातं, म्हणजे 900 एमएएचचं पेन सहा-सात वेळा भरेल असं धरा. आणि एक गंमत, शेवटी शेवटी पेन इतका कमी करंट घेतं की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही, ती आपणहून बंद होते. पेन बिघडलं म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. तेव्हा पेन जवळपास भरलेलं असतं, सोडून द्या.

टाइप-सी पोर्टचं पेन असेल आणि दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर ढिम्म काही होत नसेल तर जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावून बघा. स्वस्त पेनांत दोन बारके रेझिस्टर गाळलेले असतात, ते नसले की सी पोर्टला समोर काही आहे हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. आणि कॉइल जिथे फिरवून बसते त्याच आट्यांवर बसवायचे चार्जर असतात ना, त्यांची अदलाबदल करू नका, एका पेनचा दुसऱ्यात घट्ट बसतो पण करंट त्या दुसऱ्याच्या बॅटरीसाठी मोजलेला नसतो, 350 एमएएचच्या बारक्या सेलला 1 अँपिअर म्हणजे फारच झालं. विमानात तर चार्ज करायलाच मनाई असते, आणि पेन हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

तुमची खरी अडचण दुपारी संपणारी बॅटरी आहे ना, मग आधी कॉइल किती ओहमची आहे ते बघा. साधं, वॉट सेट न करता येणारं पेन असेल आणि कॉइल दीड ओहमची असेल तर दोनची किंवा सव्वादोनची टाका, वाफ थोडी कमी होईल पण बॅटरी संध्याकाळपर्यंत जाईल.