तळ्याकाठचे प्रश्न: जाळं ओढल्यावर मासे खात का नाहीत?

प्रश्न: अर्ध्या एकराच्या, प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ मिळून हजारभर मासे आहेत, सरासरी पाव किलोचे. वजन बघायला जाळं ओढलं, तेव्हापासून मासे खाद्याला येत नाहीत. रोजचं साडेसात किलो टाकतोच आहे. चौथ्या दिवशी पाण्याला वास सुटला. कोणतं औषध द्यावं? (इंदापूर तालुक्यातील वाचक)

उत्तर: औषध नको. आधी खाद्य बंद करा.

मासा जाळ्यात कोंडला की काही सेकंदांत रक्तात अ‍ॅड्रेनलिन येतं आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढू लागतं. माशाला आपल्यासारखी मूत्रपिंडावर बसलेली वेगळी ग्रंथी नसते. मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या पेशी कॉर्टिसॉल बनवतात. त्यांना हुकूम मेंदूकडून सुटतो, आणि ज्या संप्रेरकापासून ही साखळी सुरू होते तेच भूकही मारतं. म्हणजे मासे रुसलेले नाहीत, त्यांना भूकच नाही. एकदाच त्रास झाला असेल तर कॉर्टिसॉल साधारण दिवसभरात उतरतं. भूक मात्र मागाहून, सावकाश येते.

तुमच्याकडे ती आली नाही, कारण दुसरा ताण तुम्हीच पाण्यात टाकलात. साडेसात किलो खाद्यात ३० टक्के प्रथिनं धरली तर सव्वादोन किलो प्रथिनं झाली, म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम नायट्रोजन. तीन दिवसांचा किलोभराच्या वर. तो माशाच्या अंगी लागला नाही, पाण्यात कुजून त्याचा बराचसा अमोनिया झाला. ३० अंश तापमानाला पीएच ८ असताना या अमोनियाचा साधारण ७-८ टक्के भाग विषारी रूपात असतो. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी ९ वर गेला की ४५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय कुजण्याला प्राणवायू लागतो, तो पहाटे कमी पडतो. अशा पाण्यात कॉर्टिसॉल उतरायचं नाव घेत नाही. असंच आठवडेच्या आठवडे चाललं तर रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी घटतात आणि मग अंगावर उवा (चिकटून राहणारे परजीवी), बुरशी, जखमा खरोखरच दिसू लागतात.

दोन दिवस काही टाकू नका. पाव किलोचा मासा एवढ्या उपासाने मरत नाही. चौथा हिस्सा पाणी बदला, एअरेटर रात्री दहा ते सकाळी सात चालवा. पहाटे प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या सकाळी खाद्य नाहीच. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास, दोन किलो द्या आणि काठावर उभे राहा. वीस मिनिटांत संपलं तर दुसऱ्या दिवशी चार. उरलं तर तेवढ्यावरच थांबा. मृगळ तळाशी खातो, म्हणून नुसतं पाण्यावर बघून भागत नाही. थोडं खाद्य ताटात घालून तळाशी सोडा आणि तासाभराने वर ओढून पाहा. पूर्ण मात्रेवर आलात तरी ती दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्या. या तिन्ही माशांना जठर नसतं, एकदम दिलेलं साठवायला जागाच नाही.

पुढच्या वेळी जाळं ओढण्याच्या आदल्या दुपारपासून खाद्य बंद ठेवा. भरल्या पोटी माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि त्यातच तो जाळ्यात धडपडतो. वीस-पंचवीस मासे तोलले की पुरे. हात ओले ठेवा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

प्रश्न: बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) आणताना अशक्त होऊ नये म्हणून निघण्याआधी पोटभर खाऊ घालावी का?

उत्तर: अजिबात नको. पिशवीतलं पाणी ती स्वतःच्या विष्ठेनेच नासवते. निघण्याआधी २४ तास हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवा. पिशवीच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम जाडं, बिनआयोडीनचं मीठ घाला. माशाच्या रक्तात क्षार लिटरला सुमारे ९ ग्रॅम असतात, गोड्या पाण्यात एक ग्रॅमही नसतात. ताणात श्वास वाढतो, कल्ल्यांतून क्षार झिरपून जातात. मिठामुळे ती गळती कमी होते. पोचल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या. पहिलं खाद्य दुसऱ्या दिवशी.

प्रश्न: कॉर्टिसॉल तपासून घेता येतं का?

उत्तर: प्रयोगशाळेत येतं, पण मासा धरल्यापासून तीन मिनिटांत रक्त काढावं लागतं. उशीर झाला की आकडा तुमच्या धरण्याचाच येतो. त्यापेक्षा रोज किती खाद्य किती मिनिटांत संपलं हे वहीत लिहा.