मज्जारज्जूला मार डाव्या बाजूला लागला, डावा पाय लुळा पडला. मग गरम-गार उजव्या पायाला का कळत नाही?

तुमच्या भावाच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. डावा पाय उचलता न येणं आणि उजव्या पायाला चटका न कळणं, दोन्ही एकाच जखमेमुळे होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचे व्यायाम घेते. घरच्यांना हे कोडं पडतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. पण त्यातल्या तंतूंच्या प्रत्येक जुडग्याची जागा आणि काम ठरलेलं असतं. मेंदूची उजवी बाजू शरीराचा डावा भाग सांभाळते हे आपण ऐकलेलं असतं. म्हणजे हे तंतू कुठेतरी बाजू बदलतात. मात्र सगळे एकाच ठिकाणी बदलत नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

हालचालीचे हुकूम मेंदूकडून खाली येतात. त्यातले बहुतेक तंतू, साधारण 85 ते 90 टक्के, मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा वर, मेड्युलात (मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागात), पलीकडे जातात. म्हणजे मज्जारज्जूत शिरताना डाव्या पायाचे तंतू डावीकडेच असतात. तिथे मार बसला की डावाच पाय जातो.

दुखणं आणि गरम-गार यांची वाट वेगळी. उजव्या पायाचा संदेश मज्जारज्जूत उजवीकडून शिरतो, तिथल्या पेशींपाशी एक तंतू संपून दुसरा सुरू होतो आणि तो एक-दोन मणक्यांच्या अंतरातच डावीकडे जातो. पुढे डाव्या बाजूनेच वर थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रापर्यंत, आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत. त्यामुळे डावीकडची जखम उजव्या पायाचा चटका वाटेतच अडवते.

तिसरी वाट पाठीकडच्या भागातली. हलका स्पर्श, कंपन, आणि डोळे मिटून पाय कुठे आहे हे कळणं, हे सगळं तिच्यावरून त्याच बाजूने थेट मेड्युलापर्यंत चढतं आणि तिथे बाजू बदलतं. म्हणून उजव्या पायावर कापूस फिरवला तर भावाला कळेल. टाचणी मात्र बोथट वाटेल. डाव्या पायाचं उलट. आम्ही तपासताना रुग्णाला डोळे मिटायला सांगतो आणि पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरून किंचित वर-खाली करतो. वरून-खालून धरला तर दाबावरूनच दिशा कळते, म्हणून कडांनीच धरायचा. जखमेच्या बाजूच्या पायाला ही दिशा सांगता येत नाही. (बी-12 फार कमी झालं तरी ही वाट खराब होते. डोळ्यांना साबण लावून तोंड धुताना तोल जातो, अशी तक्रार घेऊन येणारी माणसं यातलीच असू शकतात.)

या प्रकाराला ब्राऊन-सेकार सिंड्रोम म्हणतात. मॉरिशसमध्ये 1817 साली जन्मलेल्या चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार यांनी, वेदनेची वाट मज्जारज्जूतच बाजू बदलते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्रयोगांतून दाखवलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं: तेव्हा ना एमआरआय होता, ना दुसरं कुठलं चित्र.

मज्जारज्जूच्या अर्धवट दुखापतींमध्ये या प्रकारात पुन्हा चालता येण्याची शक्यता तुलनेने चांगली असते, तेव्हा व्यायाम सोडू नका. डाव्या पायात ताकद आली तरी तो कुठे पडतोय हे भावाला सुरुवातीला डोळ्यांनी बघावं लागेल. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घरातले सगळे लुळ्या पायाला जपतात आणि चांगला म्हणून सोडून दिलेला पाय भाजतो. उजव्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. आंघोळीचं पाणी भावाने पाय घालून बघायचं नाही, हाताने किंवा कोपराने बघायचं. सायलेन्सर, शेकोटी, उन्हात तापलेली फरशी यांपासून तोच पाय लांब ठेवा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि टाचा उजेडात नीट बघा. उजव्या पायावर फोड किंवा लाल चट्टा दिसला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.